उपासना मंडळीच्या तोंडी असू द्या

खान्देशातल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये रविवारच्या उपासनेत एक बदल हळूहळू झाला आहे, आणि त्याविषयी उघड बोलायला हवं. मंडळी आता ऐकायला बसते. पुढे माईकवर चार-पाच जण गातात, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड वाजतो, बाहेरगावाहून आलेले एखादे भाऊ तासभर संदेश देतात, आणि चटईवर बसलेल्या बाकीच्यांच्या वाट्याला शेवटचं ‘आमेन’ उरतं. नवापूर असो, साक्री असो, अमळनेर असो की भुसावळ, कमीअधिक हेच दिसतं. ज्या वडीलधाऱ्या बाया पूर्वी बसल्या जागेवरून गीताचा पहिला चरण लावायच्या, त्या आता गप्प असतात, कारण साउंडपुढे त्यांचा आवाज शेजारणीलाही ऐकू जात नाही. उपासना हे सगळ्या मंडळीचं काम आहे आणि तिच्या वतीने ते दुसरं कुणी करून देऊ शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. खान्देशात तर हे अधिकच खरं आहे. इथे एक पाळक अनेक गावं सांभाळतो, घरात एक बोली आणि देवळात, म्हणजे चर्चमध्ये, दुसरी भाषा चालते, आणि वर्षातले सहा-सहा महिने अर्धी मंडळी गावातच नसते.

पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा चौदावा अध्याय आपण बहुतेक वेळा अन्य भाषांच्या वरदानावर वाद घालण्यासाठी उघडतो. त्यात एक साधं चित्र आहे, तिकडे लक्ष जात नाही. तुम्ही जमता तेव्हा प्रत्येकाजवळ काहीतरी असतं, असं पौल म्हणतो: कुणाजवळ स्तोत्र, कुणाजवळ शिकवण, कुणाजवळ देवाने दाखवलेली गोष्ट. हे सगळं मंडळीची उभारणी व्हावी म्हणून. त्याच अध्यायात त्याने आणखी एक प्रश्न केला आहे. तू काय बोलतोस हे ज्याला कळत नाही, तो तुझ्या उपकारस्तुतीला आमेन कसा म्हणणार? पौलाच्या दृष्टीने आमेन म्हणजे सही होती. ज्याला मजकूर समजला त्यानेच ती करायची. आपल्याकडे ‘आमेन म्हणा, मोठ्याने म्हणा’ असं पुढून सांगावं लागतं, यातच सगळं आलं.

ज्यांच्यामुळे पश्चिम खान्देशात मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांचा इतिहास या बाबतीत आठवण्यासारखा आहे. स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन ही संस्था फ्रेडरिक फ्रान्सन या स्वीडिश सुवार्तिकाने १८९० मध्ये अमेरिकेत सुरू केली. पुढे १९४९ मध्ये तिचं नाव बदललं आणि आपल्या भागात ती ‘टीम’ म्हणून ओळखली गेली. नवापूर तालुक्यातल्या चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय याच मिशनच्या कामातून उभं राहिलं. फ्रान्सन ज्या धार्मिक वातावरणात वाढला ते वातावरण कसं होतं? स्वीडनमध्ये १७२६ च्या एका कायद्याने पाद्रीशिवाय घरात जमून धार्मिक सभा भरवायला बंदी होती, आणि ती १८५८ पर्यंत टिकली. तरीही शेतकरी, मजूर, घरकाम करणाऱ्या मुली एकमेकांच्या घरी जमत, बायबल वाचत, गात आणि त्यासाठी दंड भरत. लोक त्यांना ‘वाचणारे’ म्हणत. या घरगुती वाचनातून जे जागरण झालं त्याच परंपरेतून सातासमुद्रापलीकडून माणसं तापी-पांझरेच्या काठी आली. म्हणजे आपल्या मंडळ्यांचं मूळ घराच्या ओट्यावर आहे, व्यासपीठावर नाही. बंगला, कंपाउंड आणि पगारी कामगार ही व्यवस्था नंतर वाढली आणि तिच्यासोबत ‘उपासना साहेब घेतात’ ही समजूतही मुरली. मिशनरी साहेब गेले, समजूत राहिली. आज साहेबाच्या जागी संदेश देणारे भाऊ आणि गाणारा ग्रुप आला आहे इतकंच.

ही गोष्ट एका पंथापुरती नाही. मार्टिन ल्यूथरच्या सुधारणेत लॅटिन गाणाऱ्या गायकवृंदाकडून गीत काढून लोकांच्या तोंडी दिलं गेलं आणि १५२४ मध्ये त्या चळवळीची पहिली गीतपुस्तकं छापली गेली. कॅथलिक मंडळीने ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनेविषयीच्या दस्तऐवजात लोकभाषेला दार उघडलं आणि भाविकांचा पूर्ण, जाणिवेचा आणि सक्रिय सहभाग हा त्यांचा हक्क आणि कर्तव्य आहे असं सांगितलं. एवढी मोठी वळणं घेऊन मंडळीने जे परत मिळवलं, ते आपण हजार वॅटच्या स्पीकरपायी सोडून देतो आहोत.

आता भाषेकडे येऊ. धुळे-अमळनेर पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरात आई लेकराला अहिराणीत रागावते, नवापूरकडे मावचीत, धडगाव-शहाद्याकडे पावरीत किंवा भिलीत. देवळात पाऊल टाकलं की तीच आई ‘हे कृपाळू स्वर्गीय पित्या’ अशी सुरुवात करते आणि तीन वाक्यांत थांबते, कारण पुढचे शब्द पुस्तकातले आहेत, तिचे नाहीत. मुलगी तापाने फणफणली असेल तेव्हा रात्री अंथरुणाशी बसून हीच बाई ‘देवा बाप, मनी आंडेरले बरी कर’ असं म्हणते आणि तेव्हा ती अडखळत नाही. मग रविवारी सकाळी तिची ही भाषा दाराबाहेर चपलांपाशी का राहावी? प्रमाण मराठीला माझा विरोध नाही. वेगवेगळ्या बोलींचे लोक एकत्र येतात तेव्हा मराठीच जोडते, आणि मराठी बायबलवर वाढलेल्या तीन-चार पिढ्यांचं त्या भाषेशी जडलेलं नातं खरं आहे. पण वाचन मराठीत आणि प्रार्थना ज्याच्या त्याच्या बोलीत, असं व्हायला काय हरकत आहे? संदेशाचा गाभा शेवटी पाच मिनिटं मावचीत सांगावा, तो सांगायला गावातलाच कुणीतरी उठावा. अहिराणीत आणि मावचीत नवा करार आज उपलब्ध आहे, मोबाईलवर वाचता येतो. तो तरुणांच्या मोबाईलमध्ये असतो आणि पुलपिटावर नसतो, हे मला अजिबात पटत नाही.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या या बाईने आयुष्याची शेवटची वर्षं मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणण्यात घालवली आणि भाषा ठेवली ती खेड्यातल्या साध्या बाईला कळेल अशी. १९२२ मध्ये त्या गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर आलं. ज्यांना सर्वांत जड मराठी सहज लिहिता आली असती त्यांनीच सर्वांत सोपी निवडली. आणि बोलीत मोठं काही सांगता येत नाही असं म्हणणाऱ्याने निदान जळगाव जिल्ह्यात तरी ते म्हणू नये. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर त्यांनी आपल्या बोलीत जे रचलं, ते आसपासच्यांनी टिपून घेतलं म्हणून महाराष्ट्राला मिळालं. ख्रिस्ती घरांतल्या किती बायांनी काम करता करता देवाशी केलेलं बोलणं कुणी टिपलंच नाही, याचा विचार मला अस्वस्थ करतो.

भाषेइतकाच चालीचा प्रश्न आहे, आणि तो जास्त नाजूक आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. त्यांनी आणि त्यांच्या पिढीने अभंग, ओवी, भजन, कीर्तन हे सगळं ख्रिस्ताच्या पायाशी आणलं. मंडळीचा परदेशी पेहराव त्यांना बोचत होता. १९१७ मध्ये मिशनची पगारी नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्ताच्या शिष्यांचा मेळा मांडला तो याच तळमळीतून. ‘उपासना संगीत’ हे आपलं मराठी गीतपुस्तक उघडलं की इंग्रजी चालींची भाषांतरं आणि टिळकांचे अभंग शेजारी-शेजारी सापडतात. आमच्या भागात भजनाची चाल लावली की टाळ नसला तरी हात आपोआप वाजतात, मागच्या रांगेतला गडीमाणूसही ध्रुपद उचलतो. एकाने म्हणायचं, सगळ्यांनी झेलायचं ही भजनाची रीतच अशी आहे की कुणी नुसता ऐकत बसू शकत नाही. आज मात्र आपण हिंदी ‘वर्शिप’ गाण्यांच्या मागे आहोत. त्यातली काही गाणी फार गोड आहेत, मीही गातो. पण ती एका गळ्यासाठी बांधलेली असतात. वरची पट्टी, मधले लांब आलाप, पुन्हापुन्हा बदलणारा ताल यामुळे साठ वर्षांच्या माणसाने ती कुठे पकडावी हेच कळत नाही.

सातपुड्याच्या मंडळ्यांमध्ये ढोल आणि पावरी या वाद्यांचा प्रश्न आहे. होळीला जो ढोल वाजतो तो देवळात कसा आणायचा, ही जुन्या विश्वासणाऱ्यांची भीती मी हलकी समजत नाही. त्यांनी दारू, भगतगिरी, भुताखेतांचं भय मागे टाकलं तेव्हा त्यांना ढोलही त्याच गाठोड्यात दिसला. तो त्यांच्यासाठी आठवणींनी भरलेला आहे, त्यांना घाई करू नये. पण त्यांच्या नातवंडांसाठी ढोल हा फक्त आपल्या माणसांचा आवाज आहे, आणि हा आवाज देवाला चालत नाही असं त्यांना शिकवलं तर ती उद्या दोहोंपैकी एक सोडतील. स्तोत्रसंहितेचा शेवटचा अध्याय कर्णा, सतार, वीणा, डफ, नृत्य, झांजा एकामागून एक मोजत जातो. ही सगळी वाद्यं शेजारच्या मूर्तिपूजक राष्ट्रांतही वाजत होतीच. आदिवासी ख्रिस्ती माणसाला आज दोन्ही बाजूंनी विचारलं जातं, तू आदिवासी की ख्रिस्ती? राज्यघटनेत अनुसूचित जमातीचा दर्जा धर्मावर टांगलेला नाही. मग आपल्या उपासनेने तरी त्याच्यावर अशी निवड का लादावी? तळोदा तालुक्यातल्या मोरवडच्या गुलाम महाराजांनी १९३० च्या दशकाच्या अखेरीस आदिवासींना एकत्र आरतीला बसवलं, दारू सोडायला लावली, एकमेकांना ‘आप’ म्हणायला शिकवलं, तेव्हा माणसं हजारोंनी जमली. त्यांचा मार्ग आपला नाही. पण आपल्याच तोंडाने देवाचं नाव घेताना आणि आपल्याच माणसाकडून मान मिळताना इथला आदिवासी कसा उभा राहतो, हे ख्रिस्ती मंडळीनेही त्यातून शिकावं.

तरुण मुलं यावर म्हणतील की कीबोर्ड काढला तर आम्ही येणार नाही. कीबोर्ड काढा असं मी म्हणत नाही. ज्या गाण्यात मंडळीचा आवाज वाद्यापेक्षा वर ऐकू येत नाही ते गाणं त्या रविवारी चुकीचं होतं, एवढं मोजमाप पुरे. तरुणांना चांगलं वाजवता येतं, तर त्यांनी म्हाताऱ्यांच्या चाली शिकून घ्याव्यात. गावोगावच्या वडीलधाऱ्या बायांना पाठ असलेली, कुठल्याच पुस्तकात न आलेली गीतं मोबाईलवर रेकॉर्ड करावीत, लिहून काढावीत. हे काम त्यांच्याशिवाय कुणी करू शकणार नाही आणि उशीर झाला तर कुणालाच करता येणार नाही. शिवाय आपल्याकडे सहभागाची सवय मुळात नाही असंही नाही. शुभ शुक्रवारची तीन तासांची उपासना पाहा. एप्रिलचं ऊन, पत्र्याचं छप्पर, घामाने निथळणारी माणसं, आणि वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर मंडळीतलेच सात जण बोलतात: शिक्षक, नर्स, शेतकरी, कधी एखादी कॉलेजातली मुलगी. कुणी चुकतं, कुणी रडतं, कुणाचं फार लांबतं. तरी लोक बसून राहतात, आणि वर्षभरातल्या साऱ्या संदेशांपेक्षा त्या दिवशीचं एखादं वाक्य घरी घेऊन जातात. वर्षातून एकदा जे जमतं ते महिन्यातून एकदा का जमू नये?

पण रविवार कितीही सुधारला तरी तो आठवड्यातला एक दिवस आहे. आमच्या वाडवडिलांची उपासना ताटावर, बांधावर आणि खाटेशी चालायची. जेवणाआधी सगळ्यात लहान लेकराने प्रार्थना करायची, पहिली पाभर धरण्याआधी शेतात टोपी काढून उभं राहायचं, आजाऱ्याच्या घरी संध्याकाळी पाच-सहा जणांनी जाऊन एक गीत आणि एक स्तोत्र म्हणायचं. आता यातलं बरंचसं पाळकांवर येऊन पडलं आहे. आजाऱ्यासाठी फोनवर ‘प्रार्थना करा’ असा मेसेज जातो, उत्तरात जोडलेल्या हातांचं चिन्ह येतं, आणि खाटेशी कुणी जात नाही. कापणीच्या सणाचंही तेच झालं आहे. नवापूरचा भात दिवाळीच्या आगेमागे निघतो, तूर त्यानंतर, कोरडवाहू भागातली ज्वारी त्याहून उशिरा. पण सणाची तारीख पाहुण्यांच्या सोयीने ठरते आणि वेदीपुढे बाजारातून आणलेली सफरचंदं मांडली जातात. लिलावात चांगला पैसा उभा राहतो, मंडळीला त्याची गरजही असते. तरी ज्याच्या शेतात यंदा काहीच पिकलं नाही, त्याने त्या दिवशी काय आणावं आणि कुठे बसावं, याला आपल्या सणात जागा नाही. मृगाच्या सुमारास, पेरणीच्या तोंडावर, बियाणं आणि अवजारं आणून एक उपासना व्हावी असं मला फार वाटतं. १२६ व्या स्तोत्रात रडत पेरायला निघालेला माणूस आहे. खान्देशातला कोरडवाहू शेतकरी त्याला चेहऱ्याने ओळखतो. सुगीच्या आनंदाइतकीच पेरणीची धास्तीही देवापुढे मांडायला हवी.

इथे आमोस संदेष्ट्याचं नाव घेतल्यावाचून पुढे जाता येत नाही. तो पगारी संदेष्टा नव्हता, मेंढपाळ होता, उंबराच्या झाडांची निगा राखायचा. तुमच्या गीतांचा गलबला माझ्यापुढून न्या, न्याय पाण्यासारखा वाहू द्या, असं देव त्याच्या तोंडून म्हणतो. गीतं बेसूर होती म्हणून देव विटला नव्हता. गाणारेच गरिबाला नाडत होते. आपल्याकडे ऊसतोडीला माणसं नेणारे काही मुकादम ख्रिस्ती आहेत, मंडळीचे पंचही आहेत. उचलीचा, म्हणजे मजुराला दिलेल्या आगाऊ रकमेचा, हिशेब कधीच स्पष्ट न दाखवणारा माणूस रविवारी पुढे उभा राहून गीत सुरू करतो, आणि ज्याचे पैसे अडकले आहेत तो मागे बसून त्याच्यामागे म्हणतो. आधी जाऊन भावाशी समेट कर, मग येऊन अर्पण कर, हे येशूचे शब्द आपण प्रभुभोजनाच्या वेळी वाचतो. वाचून लगेच पुढे जाऊ नये. वर्षातून एकदा तरी, हंगाम संपून माणसं परत आल्यावर, देणंघेणं मिटवण्यासाठी पापांगीकाराच्या आधी खरोखरचा वेळ ठेवावा. याला ‘देवळात राजकारण’ म्हणणाऱ्यांनी आमोस पुन्हा वाचावा.

घरातल्या प्रार्थनासभांकडे आजकाल संशयाने पाहिलं जातं, हेही मला ठाऊक आहे. काही ठिकाणी शेजारपाजारच्या ओळखीच्या माणसांनीच जाब विचारला, त्याचं दुःख आपल्या लोकांना आहे. आपला धर्म आचरण्याचा हक्क घटनेच्या २५ व्या कलमाने दिलेला आहे आणि तो कुणाकडे मागायचा नाही. तरी मला वाटतं, कर्ण्यावरून येणाऱ्या परक्या हिंदीपेक्षा शेजाऱ्याला भिंतीपलीकडून त्याच्याच अहिराणीत पावसासाठी, गुरांसाठी, त्याच्याच दुखणाईत बापासाठी केलेली प्रार्थना ऐकू आली, तर भीतीला धरायला फारसं काही उरत नाही. ज्या गावात ख्रिस्ती माणसं सगळ्यांच्या दुःखात जातात तिथे वातावरण कसं वेगळं असतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

राहिला पडावाचा, म्हणजे ऊसतोडीला गेलेल्यांच्या तात्पुरत्या वस्तीचा प्रश्न, आणि मला सर्वांत तातडीचा तोच वाटतो. दसरा-दिवाळी झाली की नंदुरबार-धुळ्याकडची माणसं कोयते घेऊन बारडोली-सुरतकडे ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. त्यांचा नाताळ उसाच्या फडाशेजारी, पाचटाच्या आणि प्लास्टिकच्या झोपड्यांत होतो. भल्या पहाटे तोड सुरू होते, ट्रक कधी भरायचा ते कारखाना ठरवतो, रविवार असा दिवसच उरत नाही. इकडे गावात रोषणाई, नाटक, केक होतो आणि मंडळीचा मोठा भाग तिथे नसतो, याची नोंदही उपासनेत होत नाही. पाळक एखादी फेरी मारतात, पण सगळ्या पडावांना पुरे पडणं एका माणसाच्या आवाक्यातलं नाही. अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला ही नवराबायको तंबू शिवणारी होती, क्लौद्य कैसराने यहुद्यांना रोम सोडायला लावलं म्हणून करिंथला आलेली. ती जिथे राहिली तिथे त्यांच्या घरात मंडळी जमली. पौलाने त्यांना सलाम पाठवला तेव्हा त्यांच्या घरातल्या मंडळीलाही पाठवला. पडावावरच्या मंडळीला असं नावाने ओळखणारा एकही ठराव आपल्या पंचकमिटीच्या वहीत मला दिसलेला नाही.

म्हणून प्रत्येक टोळीतल्या एका पुरुषावर आणि एका स्त्रीवर निघण्याआधीच्या रविवारी हात ठेवून प्रार्थना करावी, त्यांना पडावाचे वडील म्हणून नेमावं, त्यांच्याजवळ त्यांच्या बोलीतला नवा करार आणि पाच-दहा भजनं द्यावीत. प्रभुभोजनाबाबत मतभेद होणार हे मी जाणतो. कॅथलिक भावंडांत मिस्सा फादरच अर्पण करतात, पण पवित्र भाकर नेऊन देण्यासाठी सामान्य विश्वासणाऱ्याला नेमता येतं. आपल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांत दीक्षित पाळकाशिवाय भोजन नाही, हा नियम शिस्तीसाठी केला गेला आणि त्यात शहाणपण आहे. तरी सहा महिने भाकर आणि प्याल्याविना राहणारी माणसं हा त्या शिस्तीचा हेतू कधीच नव्हता. नेमलेल्या वडिलांना हंगामापुरता अधिकार द्यायचा की पाळकांनी इथून अर्पण केलेली भाकर त्यांच्यासोबत पाठवायची, यावर चर्चा व्हावी, वाद व्हावा. निर्णय मात्र दसऱ्याआधीच्या बैठकीत व्हावा, कारण दिवाळी झाली की फाट्यावर ट्रक लागतात.